आधी दहा दिवस राहून पाहू द्या

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सांबरा येथे भरलेल्या पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या शिक्षण समितीने मला विषय दिला होता 'मुलांसाठी सैन्यातील संधी'. विषय चांगला आहे. परंतु त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. भरतीच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात, क्लासवाल्यांचे फलक चन्नम्मा चौकापासून आपल्या गावाच्या फाट्यापर्यंत लागलेले असतात. संधीची माहिती नाही, अशी आता कोणाची तक्रार राहिलेली नाही. माझा प्रश्न निराळा आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने त्या आयुष्यात उडी घेण्यापूर्वी ते आयुष्य कसे असते हे त्याला कोण दाखवतो? आज मी एवढ्याच गोष्टीवर बोलणार आहे. समितीने रागावू नये.

आपण सांबऱ्याचे लोक या बाबतीत जरा विचित्र जागी राहतो. हवाई दलात भरती झालेल्या वायुसैनिकांचे पहिले शिक्षण आपल्या शिवाराला लागून असलेल्या भिंतीच्या आत होते. दहा-बारा किलोमीटरवर बेळगाव शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, मिलिटरी स्कूल आहे, आणि कमांडोंचे शिक्षण जिथे होते ती संस्थाही तिथेच आहे. किट्टूरला राणी चन्नम्मांच्या नावाची मुलींची निवासी सैनिक शाळा 1969 सालापासून चालू आहे. मद्रासकडचा किंवा बिहारचा मुलगा दोन-दोन दिवस रेल्वेत बसून जिथे येतो, तिथे आपण भाजी आणि दूध घालायला जातो. रविवारी आउटपासवर निघालेली, केस बारीक कापलेली ती मुले खडेबाजारात चपला-साबण घेताना आपण पाहतो. पण आत त्यांचा दिवस कसा जातो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मला ठाऊक नव्हते. लहानपणी सकाळी शेताकडे जाताना भिंतीपलीकडून कवायतीच्या आरोळ्या ऐकू येत आणि माझे पाय आपोआप त्या तालावर पडत. दहावीच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतून एन.सी.सी.च्या शिबिरासाठी नावे घेतली गेली. माझे नाव होते. पालकांच्या सहीचा कागद घेऊन मी घरी आलो. अब्बा सही करायला तयार होते. दादीने कागद हातात घेतला, घडी घातली आणि आपल्या पानाच्या डब्यात ठेवून दिला. "दहा दिवस परक्या ठिकाणी पोरगं काय खाईल, कुठं झोपेल?" एवढेच ती म्हणाली. तिच्या मायेविषयी मला काही म्हणायचे नाही. तो कागद डब्यातून बाहेर आला नाही. पुढे मी बी.ए. झालो, बी.एड. झालो, शिक्षक झालो, आणि या धंद्यात सुखी आहे. परंतु माझी ती ओढ खरी होती, की नुसता गणवेशाचा मोह होता, हे मला आज चाळिशी उलटल्यावरही सांगता येत नाही. तपासून पाहण्याची वेळ निघून गेली.

म्हणून मी दुसऱ्या देशातील एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत अॅनापोलिस येथे 1845 सालापासून नौदलाची अकादमी आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षाला जाणाऱ्या मुलामुलींना तिथे उन्हाळ्यात सुमारे आठवडाभर राहायला बोलावतात. मुले कॅडेटांच्याच इमारतीत झोपतात, त्यांच्याच भोजनगृहात जेवतात, पहाटे व्यायामाला उठतात, दिवसा वर्गात बसतात. देखरेखीला वरच्या वर्षांतले कॅडेट असतात. हा प्रवेश नव्हे, आणि प्रवेशाचे वचनही नव्हे. आठवड्यानंतर मूल घरी जाते आणि अर्ज करायचा की नाही ते ठरवते. तिकडच्या भूदलाच्या आणि हवाई दलाच्या अकादम्याही असाच उपक्रम चालवतात. त्यात जाहिरातबाजी नसते असे मी म्हणत नाही. चांगली मुले आपल्याकडे ओढावीत हा हेतू त्यात उघड आहे. तरी मुलाच्या बाजूने पाहिले तर सौदा वाईट नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे मुलाखतीचे पाच दिवस असतातच की. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा असते: गणित 300 गुणांचे आणि सामान्य क्षमता 600 गुणांची. ती उत्तीर्ण झालेल्यांना निवड मंडळापुढे पाच दिवस राहावे लागते, आणि हवाई दलासाठी आपल्या जवळचे मंडळ म्हैसूरला आहे. हे सर्व खरे. परंतु तिथे ते तुम्हाला पाहत असतात. तुम्ही त्यांना पाहावे यासाठी ते पाच दिवस नाहीत. मुलगा तिथे आपला उत्तम चेहरा घेऊन जातो. आपल्याला हे जमेल का, हा प्रश्न तिथे विचारायला त्याला सवड नसते.

आपल्या मुलांना तशी सवड देणारी जी गोष्ट आहे ती म्हणजे एन.सी.सी.चे शिबिर. 1948 साली कायदा होऊन ही संघटना सुरू झाली, पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. आठवी-नववीच्या मुलांसाठी कनिष्ठ विभाग, पुढे कॉलेजात वरिष्ठ विभाग. वार्षिक शिबिर साधारण दहा दिवसांचे. वरिष्ठ विभागातील निवडक कॅडेटांना डेहराडूनची सैनिकी अकादमी, एझिमलाची नौदल अकादमी अशा ठिकाणी प्रत्यक्ष राहून पाहण्याची शिबिरेही असतात, आणि पलटणींबरोबर राहण्याचीही असतात. अॅनापोलिसच्या त्या आठवड्याला आपल्याकडचे सर्वांत जवळचे उत्तर तेच. पण त्या दारापर्यंत पोचायचे तर आठवीतल्या दारातून आत जावे लागते, आणि आपली मुले तिथेच अडतात.

मी गेली काही वर्षे मुलांबरोबर अशा शिबिरांना सोबतीला जातो. दादीने डब्यात ठेवलेला कागद असा उशिरा वसूल केला म्हणा. तेव्हा आत काय असते ते आता पाहिलेले सांगतो.

पहिला दिवस मजेचा. ट्रंक, वळकटी, मच्छरदाणी, ताट-वाटी आणि मग घेऊन मुले उतरतात आणि सहलीला आल्यासारखी खिदळतात. दुसऱ्या दिवशी पहाटे, बाहेर काळोख असताना, शिट्टी होते. व्यायाम, मग न्याहारी, मग कवायत. नवे बूट चावतात. दुपारपर्यंत टाचेला फोड येतो आणि मूल लंगडते. हवालदार त्याला बाजूला घेऊन मोजे कसे घालावेत हे शिकवतो. आईने पंधरा वर्षे मोजे दिले असतील, पण घडी न पडू देता कसे चढवायचे हे त्याला ठाऊक नसते. तिसरी रात्र सर्वांत कठीण. त्या रात्री दिवे गेल्यावर कुठून तरी हुंदका ऐकू येतो, मग दुसरा. मी पहिल्या वर्षी घाबरून उठलो होतो. एक म्हातारे सुभेदार साहेब मला म्हणाले, "बसा मास्तर. उद्या भूक लागेल त्यांना." आणि तसेच झाले. चौथ्या दिवशी ज्या मुलांनी घरी भेंडीला नाक मुरडले असते ती दुसऱ्यांदा वाढून घ्यायला रांगेत उभी होती.

नकाशा वाचणे, तंबू ठोकणे, प्रथमोपचार, अडथळ्यांची शर्यत, हे सारे असते. सर्वांना ओढ असते ती गोळीबाराची. पॉइंट टू-टू रायफल, पंचवीस यार्डांवर लक्ष्य, पाच गोळ्या. मुलांना वाटते सिनेमातल्यासारखा धडाका असेल. प्रत्यक्षात तासभर उन्हात पाळीची वाट पाहायची, पालथे पडायचे, श्वास धरायचा, हळू घोडा दाबायचा, आणि मग रिकामी काडतुसे मोजून परत करायची. एक हरवले तर सगळी रांग गवत चाचपत बसते. या कामात शौर्यापेक्षा मोजदाद जास्त आहे, हे त्या दिवशी मुलांना कळते. काहींचा चेहरा पडतो, काहींचा खुलतो.

एक गंमत आपल्या भागाची सांगतो. हुकूम सारे हिंदीत असतात. बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणीकडची मुले एका तंबूत येतात; कोणी मराठी, कोणी कानडी, कोणी कोकणी, आपली दखनी बोलणारी. मोठ्या माणसांना ज्या प्रश्नावर झोप येत नाही तो प्रश्न तिथे निघतच नाही, कारण 'दाहिने मुड' ऐकून मराठी मुलगा आणि कानडी मुलगा दोघेही डावीकडे वळलेले असतात. आपल्या मुलांना हिंदी हुकूम चटकन समजतात, म्हणून दोन दिवस ती जरा ऐटीत असतात. दोनच दिवस.

धर्माविषयी पालक मला हळू आवाजात विचारतात, म्हणून मीच मोठ्याने सांगतो. एका वर्षी उन्हाळी शिबिर रमजानात आले. आमच्या शाळेची नववीतली एक मुलगी रोजे धरणारी. तिच्या अम्मीने मला तीनदा घरी बोलावून घेतले. पहिल्यांदा चहा, दुसऱ्यांदा प्रश्न, तिसऱ्यांदा नकार. मी तेव्हा एकच केले, त्यांना घेऊन शिबिराच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी वही काढली, रोजे धरणाऱ्यांची नावे वेगळी लिहिली, आणि आचाऱ्याला बोलावून सहरीला काय लागेल ते त्या माउलीलाच विचारले. दुपारची धावण्याची पाळी त्या मुलींना सकाळी दिली. मुलींची राहण्याची जागा वेगळी होती, पहारा होता, सोबतीला शिक्षिका होत्या. हे सर्व त्या अम्मींनी स्वतः फिरून पाहिले, मोरीची कडीसुद्धा लावून पाहिली. मग सही केली. सर्वत्र असेच समंजस लोक भेटतील अशी हमी मी देत नाही. परंतु आधी जाऊन विचारावे, पाहावे, एवढे आपल्या हातात आहे. आपण बहुधा विचारण्यापूर्वीच नाही म्हणतो. त्या मुलीने पाचही गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत मारल्या. आज ती परिचारिकेचा अभ्यास करते आहे, सैन्यात गेलेली नाही. पण रात्रपाळीला भीत नाही असे तिची अम्मी सांगते.

मुलींचा विषय निघाला म्हणून दोन तारखा सांगून ठेवतो. खडकवासल्याला 2022 साली प्रथमच 19 मुली दाखल झाल्या आणि त्यांपैकी 17 जणी 30 मे 2025 रोजी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या. आणि आपल्या याच सांबऱ्याच्या मैदानावरून डिसेंबर 2023 मध्ये अग्निवीरवायू मुलींची पहिली तुकडी, 153 जणींची, शिक्षण पुरे करून निघाली. आपण त्या दिवशी भिंतीबाहेर होतो.

आता एका मुलाची हकीकत, जी सांगावी की नाही यावर मी बराच विचार केला. त्याच्या वडिलांची परवानगी घेतली आहे. नाव सांगत नाही. हा मुलगा सहावीपासून विमानांची चित्रे वहीत चिकटवणारा. वडील ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करतात. मुलगा हवाई दलात जाणार असे त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितले होते; क्लासची फी भरण्यासाठी पैसेही बाजूला टाकले होते. तो शिबिराला आला. कवायतीत वाईट नव्हता, धावण्यात पुढे होता. पण सहाव्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "सर, मला विमान आवडतं. हे नाही आवडत." मी विचारले, हे म्हणजे काय? तो म्हणाला, "सगळा दिवस दुसऱ्यानं ठरवलेला. मला एकट्यानं काहीतरी खोलून बघायला वेळ लागतो."

घरी परतल्यावर त्याने क्लासला जाण्यास नकार दिला. वडील माझ्याकडे आले. रागात होते, आणि मला ते दिसत होते की रागाखाली लाज आहे. "काय केलं ओ सर तुम्ही माझ्या पोराला? जाताना वाघ होता, येताना शेळी करून आणलंय!"

मी त्यांना बसवले. जे त्यांना सांगितले तेच आज आपणांस सांगतो. हा मुलगा हे वाक्य पंधराव्या वर्षी बोलला. समजा शिबिर झाले नसते. तो अठराव्या वर्षी खडकवासल्याला पोचला असता. तिथले शिक्षण, राहणे, जेवण सरकारी खर्चाने असते, परंतु वैयक्तिक कारणाने मध्येच सोडल्यास तो खर्च परत करू असे हमीपत्र पालकांना लिहून द्यावे लागते. तीन वर्षे प्रबोधिनी, मग सुमारे वर्षभर पुढची अकादमी. त्यातल्या दुसऱ्या वर्षी त्याने हेच वाक्य उच्चारले असते तर? किंवा उच्चारण्याची हिंमतच झाली नसती तर? अग्निवीरांचे शिक्षण लहान असते, पण तिथेही साडेसतरा वर्षांच्या मुलासाठी सही पालकच करतात, आणि चार वर्षांनी पुढे कायम होणारे जास्तीत जास्त चौघांत एक असतात. उरलेल्या तिघांना बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची असते. काही रक्कम हातात येते, नाही असे नाही. पण ज्याला ते आयुष्य मनापासून आवडले त्याची ती चार वर्षे कमाईची, आणि ज्याला आवडले नाही त्याची नुसती काढलेली.

यात शरीराचाही धोका असतो, हे कोणी जाहिरातीत लिहीत नाही. अकादमीत शिकताना जायबंदी होऊन घरी पाठवलेल्या कॅडेटांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, आणि त्यांच्या हालाची सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली स्वतःहून दखल घेतली. असे क्वचितच होते. परंतु पत्करायचे ते माहीत असून पत्करावे. मला मुलांना घाबरवायचे नाही. ज्याने दहा दिवस पाहिले आणि तरीही जायचे म्हटले, त्या मुलाच्या मागे आपण सर्वांनी उभे राहावे असे मी म्हणतो. आमच्या शाळेतून तशीही दोन मुले गेली आहेत. त्यांतला एक पहिल्या शिबिरात तिसऱ्या रात्री सर्वांत मोठ्याने रडलेला होता. तेव्हा रडण्यावरून काही ठरवू नये.

ते ट्रॅक्टरवाले भाई माझे ऐकून उठले आणि काही न बोलता गेले. चार महिन्यांनी त्यांनी मुलाला आपल्याच गॅरेजमध्ये इंजिन खोलायला दिले. पुढे तो डिप्लोमाला गेला. आजही ते मला पूर्ण माफ करून बसले आहेत असे नाही. परवा परवानगी मागायला गेलो तेव्हा म्हणाले, "सांगा. पण क्लासचे पैसे वाचले हे पण सांगा." सांगितले.

आपल्या काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, ही वाट आपल्या लोकांची नव्हेच. त्यांना मी नम्रपणे सांगेन की, बेळगावच्या ज्या मराठा पलटणींचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे, त्यांत 1922 सालच्या पुनर्रचनेनंतरही मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. ते आपलेच लोक. आणि हैदराबादेत जन्मलेले इद्रिस हसन लतीफ 1942 साली, वय अठरा असताना हवाई दलात अधिकारी झाले आणि 1978 ते 1981 या काळात त्याच दलाचे प्रमुख होते. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. वाट जुनी आहे. पण वाट जुनी आहे म्हणून प्रत्येकाने तिच्यावरून चालले पाहिजे असेही नाही, हे मघाच्या मुलावरून ध्यानात घ्यावे.

आता ट्रस्टकडे माझे मागणे. समितीच्या मनात परीक्षेच्या क्लाससाठी शिष्यवृत्ती देण्याचे आहे, असे समजते. द्यावी, पण दहावीनंतर द्यावी, आणि जे मूल एक तरी शिबिर करून आले त्याला आधी द्यावी. त्यापूर्वी थोडा पैसा शिबिराकडे वळवावा. शिबिरातले जेवणखाण सरकार देते, गणवेशाचा खर्चही देते. आपली मुले अडतात ती बारीकसारीक गोष्टींवर: ट्रंक नाही, मच्छरदाणी नाही, दुसरा बुटाचा जोड नाही, डॉक्टरचा दाखला आणायला शहरात जायचे तर अब्बांचा एक दिवसाचा रोज बुडतो. आणि मोठी मुले सुट्टीत कामाला जातात. दहा दिवसांची मजुरी घरात यायची असते. तेवढी मजुरी ट्रस्टने त्या घराला दिली तर कोणी त्याला खैरात म्हणू नये. दुसरे असे की, आपल्या आसपासच्या पुष्कळ शाळांत एन.सी.सी. नाहीच. त्यासाठी शाळेने बेळगावच्या कचेरीकडे अर्ज करावा लागतो आणि पाळीची वाट पाहावी लागते. वर्षे लागतात, म्हणून आजच अर्ज पडला पाहिजे. आपल्या विश्वस्तांपैकी तिघे शाळांच्या व्यवस्थापनावर आहेत. ते समोरच बसले आहेत, तेव्हा अधिक बोलत नाही.

पालकांना विनंती एवढीच की, आठवी-नववीच्या मुलामुलींच्या सहीचे कागद शाळेत आले आहेत. सही करण्यापूर्वी ज्यांना शिबिराची जागा पाहायची असेल त्यांना मी येत्या जुम्म्यानंतरच्या रविवारी सकाळी आठ वाजता एस.टी. थांब्यावर भेटेन. आम्मी-दादींनीही यावे, दादींनी तर विशेष करून यावे. गेल्या वर्षीच्या मुलांनी बुटांचे नऊ जोड शाळेत परत दिले आहेत, पाच नंबरपासून आठ नंबरपर्यंत. मी ते पॉलिश करून ठेवले आहेत. पायाचे माप घेऊन यावे.